पुरस्कार कोणत्या टप्प्याचा, ते स्पष्ट लिहा

चिप बनवणाऱ्या एखाद्या नव्या कंपनीला उद्योगसंघटनेचा पुरस्कार मिळाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की मान नेमका कशाचा झाला? संगणकावर पूर्ण झालेल्या आराखड्याचा? फाउंड्रीतून (चिप घडवणाऱ्या कारखान्यातून) परत आलेल्या चाळीस-पन्नास नमुन्यांचा? हजार तास भट्टीत तापवूनही शाबूत राहिलेल्या मालाचा? की ग्राहकाच्या यंत्रात बसून बाजारात गेलेल्या लाखो नगांचा? ‘आमची चिप तयार आहे’ या एका वाक्यात हे चारही अर्थ मावतात. पहिल्या अर्थापासून चौथ्यापर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागू शकतात, आणि बहुतेक पुरस्कारांच्या मानपत्रात यातला कोणता अर्थ धरला आहे, याचा उल्लेखच नसतो. नव्या कंपन्यांचं कौतुक जरूर व्हावं, लवकरही व्हावं. पण कोणत्या टप्प्याचं कौतुक आहे आणि कोणत्या मोजमापावर, हे त्याच कागदावर छापलेलं असावं. ते नसेल तर पुरस्कार ग्राहकाची दिशाभूल करतो आणि शेवटी त्याच कंपनीला महागात पडतो.

सॉफ्टवेअरमधली चूक रात्रीत दुरुस्त करून सकाळी पाठवता येते. सिलिकॉनला ती सोय नाही. टेप-आउट झालं, म्हणजे अंतिम आराखडा फाउंड्रीच्या हवाली केला, की मास्क, म्हणजे चिपचा एकेक थर छापायचे साचे, बनायला घेतात. १८० नॅनोमीटरच्या जुन्या प्रक्रियेला पंचवीस-तीस, आजच्या सगळ्यात पुढच्या प्रक्रियांना साठाच्या वर. वेफरवर, म्हणजे जिच्यावर चिप्स घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, एका मास्कचं काम उरकायला सरासरी एक ते दीड दिवस धरतात. म्हणजे वेफर हातात यायलाच महिने जातात, मग पॅकेजिंग, मग टेस्ट बोर्ड. एवढं झाल्यावर चूक सापडली तर पुढचं सगळं आधीच्या शहाणपणावर ठरतं. आराखड्यात ठिकठिकाणी राखीव गेट (सुटे तर्क-घटक) पेरून ठेवले असतील, तर वरच्या धातूच्या थरांचे मास्क बदलून भागतं. काही वेफर धातूच्या थरांआधी थांबवून ठेवले असतील, तर वेळही निम्म्यावर येतो. ट्रान्झिस्टरच्या थरालाच हात लावावा लागला, तर सगळं पहिल्यापासून.

ही दुसरी खेप अपवाद नसते. सीमेन्स आणि विल्सन रिसर्च यांच्या पाहणीत पहिल्याच खेपेला बरोबर निघालेल्या प्रकल्पांचं प्रमाण २०२२ मध्ये २४ टक्के होतं, २०२४ मध्ये ते १४ टक्क्यांवर आलं. यात मुरलेल्या, मोठ्या पथकांच्या कंपन्याही आल्या. तेव्हा टेप-आउटच्या बातमीवर पुरस्कार देणारी समिती बहुतेक वेळा अशा आवृत्तीचा सत्कार करते, जी ग्राहकाच्या हातात कधीच पडणार नाही.

आणि पहिली चिप अडकते कुठे? जिच्यावर अर्जातलं पान खर्च झालं ती नवी कल्पना बरेचदा चालते, कारण सगळ्यांचे डोळे तिच्यावरच होते. घोळ होतो आजूबाजूला. पुरवठ्याचा व्होल्टेज सावकाश चढला की पॉवर-ऑन रिसेट (सुरुवातीला चिप ठरलेल्या अवस्थेत धरून ठेवणारा सिग्नल) वेळेआधी सुटतो आणि फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे घटक) वाटेल त्या अवस्थेत जागे होतात. प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय झटक्यात चढतो म्हणून तिथे हे दिसत नाही, ग्राहकाच्या बोर्डवर दिसतं. दोन क्लॉकच्या हद्दीवरून एखादा सिग्नल सिंक्रोनायझरशिवाय (ताल जुळवणाऱ्या परिपथाशिवाय) पलीकडे गेलेला असतो आणि चिप दिवसातून एकदा, कारण न सांगता, अडखळते. उणे ४० अंशांवर पीएलएल (चिपचा क्लॉक तयार करणारा परिपथ) लॉक होत नाही. सगळे गुणाकाराचे ब्लॉक एकाच क्षणी कामाला लागले की चिपच्या मध्यभागातला व्होल्टेज बसतो, कारण पॉवर ग्रिड तपासताना सरासरी प्रवाह धरला होता, क्षणिक झटका धरला नव्हता. पॅडजवळचं ईएसडी-संरक्षण (स्थिर विजेच्या धक्क्यापासूनचं) माणसाच्या स्पर्शाची नक्कल करणाऱ्या २००० व्होल्टच्या चाचणीत टिकतं, पण चिप स्वतः भारित होऊन धातूला टेकते त्या चाचणीत ५०० व्होल्टलाच जातं. दोन पुरवठा-विभागांमधून तो प्रवाह कुठून वाट काढील हे कोणी पाहिलेलं नसतं. चिपच्या पथकात पडताळणी करणारे आणि टेस्ट प्रोग्रॅम लिहिणारे इंजिनिअर नेमके याच जागा धुंडाळतात. मानपत्रावर मात्र त्यांची नावं जवळजवळ कधीच नसतात. तिथे संस्थापकाचा फोटो असतो.

आता आकड्यांकडे वळू, कारण समित्या सर्वांत जास्त भुलतात त्या आकड्यांना. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप्समध्ये सध्या चलती आहे ती ‘टॉप्स प्रति वॅट’ची, म्हणजे एका वॅटमागे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया. हा आकडा फुगवायला खोटं बोलावं लागत नाही, अटी गाळल्या की पुरतं. क्रिया ८ बिटांची की ४ बिटांची? शून्याशी होणारे गुणाकार हार्डवेअरने टाळले, तरी ते ‘केले’ म्हणून मोजले का? निम्मे गुणाकार शून्याचे धरले की आकडा आपोआप दुप्पट होतो. वेग सर्वांत जास्त व्होल्टेजवरचा आणि वीज सर्वांत कमी व्होल्टेजवरची, अशी दोन वेगळ्या मोजमापांची मोट बांधली आहे का? आणि बाहेरच्या मेमरीची वीज कोणाच्या खात्यात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ च्या आयएसएससीसी या चिप-परिषदेत ४५ नॅनोमीटरसाठी दिलेले आकडे या क्षेत्रात बहुतेकांना तोंडपाठ आहेत: ३२ बिटांच्या एका फ्लोटिंग पॉइंट गुणाकाराला सुमारे ३.७ पिकोज्यूल, आणि ३२ बिट डीरॅममधून (बाहेरच्या मेमरीतून) आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. फरक पावणेदोनशे पटींच्या घरात. मेमरी हिशोबाबाहेर ठेवली तर उरलेल्या आकड्याच्या दशांश स्थळांना काही अर्थ राहत नाही.

ॲनालॉगमध्येही हेच चालतं, फक्त त्याची चर्चा कमी. एडीसीची (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या परिपथाची) प्रत्येक रूपांतरामागची ऊर्जा सांगताना रेफरन्स बफर, क्लॉक आणि आउटपुट ड्रायव्हर यांची वीज वगळली जाते. ग्राहकाला मात्र या तिन्हींची बॅटरी पुरवावी लागते. डेटाशीटमधल्या (चिपच्या माहितीपत्रकातल्या) ‘टिपिकल’ रकान्याबद्दलही बोललं पाहिजे. २५ अंश तापमानाला, नेमक्या व्होल्टेजवर, एका चांगल्या नगावर मिळालेला आकडा तिथे बसू शकतो. बोर्डाचा आराखडा करणारा माणूस बघतो तो किमान आणि कमाल रकाना. नव्या कंपनीच्या डेटाशीटमध्ये ते दोन रकाने बहुधा कोरे असतात, कारण ते भरायला निरनिराळ्या कॉर्नरचे वेफर लागतात: एन आणि पी ट्रान्झिस्टर मुद्दाम वेगवान, मुद्दाम मंद, एक वेगवान तर दुसरा मंद असे बनवलेले, प्रत्येकातले पुरेसे नग, आणि ते तीन तापमानांवर मोजण्याइतका टेस्टरचा वेळ. माझ्या मते पुरस्काराच्या अर्जात पहिला प्रश्न हाच हवा: किमान-कमाल रकाने भरले आहेत का, आणि किती नगांवरून?

पात्रता-चाचणीचा टप्पा बाहेरच्यांना सर्वांत कमी ठाऊक असतो, म्हणून तिथे थोडं थांबू. वाहनांच्या चिप्ससाठी एईसी-क्यू१०० हे मानक आहे. त्यातली एक मुख्य चाचणी म्हणजे चिप चालू ठेवून, वाढीव व्होल्टेजवर, १२५ अंशांच्या आसपास १००० तास भट्टीत ठेवायची. हजार तास म्हणजे जवळपास बेचाळीस दिवस. तीन वेगवेगळ्या लॉटमधले (उत्पादनाच्या खेपांमधले) प्रत्येकी ७७, असे २३१ नग, आणि एकही बिघडता कामा नये. ७७ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे गणित आहे: २३१ पैकी शून्य बिघाड, याचा अर्थ ९० टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की सदोष नगांचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. केवळ १ टक्का! वाहन-उद्योगाला हवा असतो दहा लाखांत एखाद-दुसरा. तो पल्ला पुढे उत्पादनातल्या चाचण्या आणि परत आलेल्या मालाची चिरफाड यांतूनच गाठावा लागतो. भट्टीखेरीज उष्ण-दमट चाचणी, तापमानाचे शेकडो हेलकावे, ईएसडी, लॅच-अप (चिपच्या आत अनावर प्रवाह सुरू होणं) हे सगळं वेगळं, आणि प्रत्येकाला वेगळे नग लागतात.

एक अडचण इथे अशी आहे की ती नव्या कंपनीला उशिरा कळते. पहिले नमुने सहसा सामायिक वेफरवर बनवतात: अनेकांचे आराखडे एकाच मास्क-संचात बसवायचे आणि खर्च वाटून घ्यायचा. यात प्रत्येकाच्या वाट्याला येतात काही डझन, फार तर शेकडा-दीडशे चिप्स, त्याही एकाच लॉटच्या. २३१ नग आणि तीन लॉट यांतून निघूच शकत नाहीत. म्हणजे पात्रता-चाचणी सुरू करायची तर आधी स्वतःचा पूर्ण मास्क-संच घ्यावा लागतो, आणि तेवढे पैसे गुंतवणूकदार बहुधा पात्रता सिद्ध झाल्यावर देऊ करतो. हुशार पथकं मरतात ती या खिंडीत. ज्याला उद्योगसंघटना म्हणवून घ्यायचं आहे, त्याने मदतीचा हात नेमका इथे द्यायला हवा.

इतिहासात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. ट्रान्समेटाने जानेवारी २००० मध्ये क्रूसो प्रोसेसर जाहीर केला तेव्हा झालेल्या गाजावाजाचा विषय या क्षेत्रात आजही निघतो; त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनी शेअर बाजारात आली, आणि २००९ च्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीला विकली गेली. कल्पना भक्कम होती: इंटेलच्या सूचना सॉफ्टवेअरने भाषांतरित करायच्या आणि आतला प्रोसेसर साधा, कमी विजेचा ठेवायचा. पण ग्राहकाच्या लॅपटॉपमध्ये पडदा आणि डिस्कही वीज खातात. प्रोसेसरने वाचवलेल्या विजेतून बॅटरीचं आयुष्य अपेक्षेइतकं वाढलं नाही आणि वेगातली तूट मात्र जाणवली. कॅल्क्सेडाने सर्व्हरसाठी एआरएम या कमी विजेच्या प्रोसेसर-रचनेची ३२ बिटांची चिप आणली, कौतुक खूप झालं, पण ग्राहकांना ६४ बिट हवे होते आणि तिथवर पोचण्याआधीच पैसा संपला. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी थांबली. या दोन्ही कंपन्यांनी कोणाला फसवलं नाही. त्यांची स्तुती ज्या टप्प्यावर झाली त्या टप्प्याच्या पुढचं कोणी तपासलं नव्हतं, एवढंच.

उलट बाजूचं उदाहरण एन्व्हिडियाचं. १९९५ ची तिची पहिली चिप वक्र पृष्ठभागांच्या गणितावर उभी होती, आणि बाजार त्रिकोणांकडे गेला. त्या चिपला ‘उदयोन्मुख’ म्हणून गौरवलं असतं तर गौरव चुकीच्या वास्तुरचनेचा झाला असता. कंपनी सावरली ती १९९७ च्या रिव्हा १२८ वर, आणि ती चिप वेळेत येण्यामागे महागडं एम्युलेटर (चिपची नक्कल करणारं यंत्र) विकत घेऊन, टेप-आउटआधीच तिच्यावर सॉफ्टवेअर चालवून बघण्याचा निर्णय होता. गौरवायचीच झाली तर मी ती पद्धत गौरवली असती. एआरएमच्या मुळाशीही असाच एक प्रसंग आहे. एप्रिल १९८५ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची पहिली चिप परत आली आणि पहिल्याच दिवशी चालली. प्रवाह मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. पुरवठ्याची जोडणी झालेलीच नव्हती, इनपुट पिनांवरच्या संरक्षक डायोडमधून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालत होती. कमी विजेची ख्याती पुढे जगभर झाली. तिचा पहिला पुरावा टेबलावरच्या मीटरने दिला होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. तीन लॉट, हजार तास, किमान-कमाल रकाने हे सगळं होईपर्यंत कंपनी तरुण राहत नाही. ओळखीची गरज असते ती आधी, जेव्हा अनुभवी इंजिनिअर नोकरी सोडून यायला कचरतात, फाउंड्री छोट्या ग्राहकाला दाद देत नाही, आणि मोठ्या कंपनीतला खरेदी-अधिकारी ईमेललाही उत्तर देत नाही. अशा वेळी पुरस्काराचं एक वाक्य दार उघडतं. खरं आहे. म्हणूनच लवकरचे पुरस्कार बंद करा असं मी म्हणत नाही. टप्पा लिहा म्हणतो.

हे कसं करायचं याचा नमुना उद्योगातच आहे. यंत्रशिक्षणाच्या वेगाच्या एमएलपर्फ चाचण्या २०१८ पासून चालू आहेत. तिथे निकाल देताना यंत्रणा आज विकत मिळते, लवकरच मिळणार आहे, की अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, हे वर्ग वेगळे छापले जातात. ‘लवकरच मिळणार’ या वर्गात निकाल दिला, तर ठरलेल्या मुदतीत ती यंत्रणा प्रत्यक्ष उपलब्ध करून पुन्हा निकाल द्यावा लागतो. स्पर्धक एकमेकांचे निकाल तपासतात. प्रतिस्पर्ध्यासमोर आकडा मांडायचा असला की अटी गाळण्याचा मोह बराच आवरतो. पुरस्कार देणाऱ्यांनी हीच व्यवस्था उचलावी आणि आराखडा, मोजलेलं सिलिकॉन, पात्रता, पुरवठा अशा चार वर्गांत मान द्यावा. आराखड्याच्या वर्गातही मोजण्यासारखं पुष्कळ असतं. फंक्शनल कव्हरेज (ठरवलेल्या कामांपैकी किती तपासून झाली ते) किती भरलं आणि जे भरलं नाही ते का सोडलं. एफपीजीएवर (हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर) खरं सॉफ्टवेअर चाललं का. गेट-पातळीचं सिम्युलेशन टायमिंगसह झालं का. स्कॅन (चाचणीसाठीची आतली साखळी) टाकून स्टक-ॲट (० किंवा १ वर अडकून बसणाऱ्या) बिघाडांपैकी किती पकडता येतात. अवघड ॲनालॉग भागाची वेगळी टेस्ट चिप आधी काढली का. ही उत्तरं देताना चांगलं पथक खुलतं आणि नुसतं सादरीकरण करणारं अडखळतं.

अर्जाला चुकांची यादी जोडणं सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक खऱ्या चिपची अशी यादी असते: कोणत्या आवृत्तीत काय बिघडतं, कोणत्या परिस्थितीत, वळसा कसा घालायचा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होणार की नाही. इंटेलला १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातली चूक ४७.५ कोटी डॉलरना पडली, आणि तिथे दुखणं जितकं चुकीचं होतं तितकंच ती आधी माहीत असून न सांगण्याचंही होतं. ज्या नव्या कंपनीने पहिल्याच नमुन्यांबरोबर आठ-दहा कलमांची प्रामाणिक यादी ग्राहकाला दिली, तिला जास्त गुण मिळावेत. कोरी यादी म्हणजे चिप अजून नीट तपासलेली नाही.

समितीत कोण बसतं, हेही पाहावं लागतं. डिझाइन सॉफ्टवेअर विकणारे, आयपी ब्लॉक (तयार परिपथ-आराखडे) विकणारे, फाउंड्रीचे प्रतिनिधी आणि गुंतवणूकदार या सगळ्यांचे हितसंबंध अर्जदारांशी गुंतलेले असतात. अर्जदार त्यांचा आजचा किंवा उद्याचा ग्राहक असतो. त्यांना पूर्ण वगळणं शक्य नाही, कारण जाणकार तेच आहेत. पण निम्म्या खुर्च्या तरी चिप विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या गुणवत्ता-विभागातल्या आणि टेस्ट-इंजिनिअरिंगमधल्या माणसांना द्याव्यात, संबंध असलेल्याने त्या अर्जापुरतं बाहेर बसावं, आणि अर्जासाठी पैसे घेऊ नयेत. पैसे भरून मिळणारी नामांकनं या क्षेत्रात कमी नाहीत, आणि त्यांनी ‘पुरस्कारप्राप्त’ या शब्दाची किंमत पार उतरवली आहे.

बक्षीस म्हणून काय द्यावं? १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात लिन कॉनवे यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांतले ८२ आराखडे सामायिक वेफरवर बसवून २९ दिवसांत चिप्स करून आणल्या. त्यात जिम क्लार्क यांच्या जॉमेट्री इंजिनचा नमुना होता, ज्यातून पुढे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनी उभी राहिली. १९८१ पासून अमेरिकेत मोसिस आणि फ्रान्समध्ये सीएमपी या सेवांनी हीच सोय कायमची केली. वेफरवरच्या एका जागेने जेवढं घडवलं तेवढं कोणत्याही सन्मानचिन्हाने घडवलेलं नाही. म्हणून आराखड्याच्या वर्गात विजेत्याला सामायिक वेफरवर जागा द्यावी. मोजलेल्या सिलिकॉनच्या वर्गात टेस्टरचे दोनशे तास आणि कॉर्नर वेफरचा खर्च. पात्रतेच्या वर्गात बर्न-इन बोर्ड (भट्टीत चिप्स बसवायचे बोर्ड), सॉकेट आणि भट्टीतले १००० तास. मोठ्या कंपन्यांच्या भट्ट्या आणि टेस्टर वर्षभर सारखेच भरलेले नसतात. संघटनेच्या सभासदांनी मोकळा वेळ एकत्र केला, तर रोख रकमेशिवायही हे जमू शकतं.

चौथा वर्ग पुरवठ्याचा, आणि तिथे निकष बदलतात. एका चौरस सेंटिमीटरला ०.५ दोष असतील तर एक चौरस सेंटिमीटरच्या चिपचं यील्ड (चांगल्या निघणाऱ्या चिप्सचं प्रमाण) साध्या पॉयसाँ सूत्राने ६१ टक्के येतं; दोषांची घनता ०.१ वर आणली तर ९० टक्के. हा प्रवास वेफरगणिक दोषांचे नकाशे वाचत करावा लागतो, आणि कंपनीचा नफा-तोटा त्यावर ठरतो. ग्राहकाचा प्रश्न मात्र याहून साधा असतो: दहा वर्षांनी ही चिप मिळेल का? त्याचं उत्तर कंपनीच्या कागदांत शोधावं. मास्क फाउंड्रीत कोणाच्या नावावर आहेत, पॅकेज न केलेल्या चिप्सचा किती महिन्यांचा साठा नायट्रोजनच्या कपाटात आहे, आराखड्याच्या फायली आणि टेस्ट प्रोग्रॅम तिऱ्हाइताकडे ठेवले आहेत का, आणि प्रक्रियेत बदल झाला तर ग्राहकाला किती दिवस आधी कळवण्याचं बंधन करारात आहे. या वर्गाचा अर्ज कंपनीने भरूच नये. तो तिच्या ग्राहकाने भरावा, पहिल्या मागणीनंतर दुसरी मागणी नोंदवल्याच्या तारखेसह.